ऑप्शन फॉर्म भरतानाच फी ठरते : लोणेऱ्याच्या प्रवेशाचा आमचा अनुभव

यंदा ज्यांच्या घरात बारावी आहे आणि ज्यांच्या घरातून याआधी कोणी इंजिनिअरिंगला गेलेले नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या धाकट्या भावाला २०२५ च्या कॅप, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांमधून लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘बाटू’ला, केमिकलला प्रवेश मिळाला. आमचे गाव खेड तालुक्यात. बाबा लोटे एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहेत आणि थोडी भातशेती आहे. मी पतसंस्थेत नोकरी करते, म्हणून घरातले सगळे फॉर्म माझ्याकडे आले.

सगळ्यात महत्त्वाचे आधीच सांगून टाकते. आपल्याकडे म्हणतात, ‘आधी अ‍ॅडमिशन होऊ दे, शिष्यवृत्तीचे मग बघू.’ तसे होत नाही. ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे कॉलेज आणि शाखांच्या पसंतीच्या यादीत, पर्याय कोणत्या क्रमाने टाकले, त्यातच चार वर्षांच्या फीचा बराचसा निर्णय होऊन जातो. त्यामुळे फीचा हिशेब जुलैत नाही, मे महिन्यातच मांडायला हवा.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीची पीसीएम गटाची परीक्षा १९ ते २७ एप्रिल २०२५ या काळात वेगवेगळ्या सत्रांत झाली. पेपर २०० गुणांचा, त्यात गणिताला १००, फिजिक्स आणि केमिस्ट्रीला प्रत्येकी ५०. उणे गुण नाहीत. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असल्यामुळे निकाल गुणांत लागत नाही, पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे किती टक्के मुले आपल्या मागे आहेत त्यावर, लागतो. त्यामुळे ‘इतके प्रश्न बरोबर आले म्हणजे इतके पर्सेंटाइल’ असा हिशेब करून रडण्यात किंवा पेढे वाटण्यात अर्थ नाही. भाऊ केंद्रातून बाहेर आला तेव्हा एवढेच म्हणाला, “ताई, गणित लांबलं.” आम्ही पुढे काही विचारले नाही.

बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. चांगला लागला. घरात आनंद होता, पण सीईटीचा निकाल यायला अजून महिन्याहून जास्त वेळ होता. हा मधला काळ म्हणजे कागदपत्रांचा काळ. आमची निम्मी लढाई इथे झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला कागद उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांच्या सहीचा लागतो आणि त्यावर मागच्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न असावे लागते. म्हणजे २०२५ च्या प्रवेशासाठी २०२४-२५ चे उत्पन्न आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत वैधता. काही पालक फेब्रुवारीतच दाखला काढून निश्चिंत होतात. तो जुन्या वर्षाचा निघतो आणि जुलैत पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. एप्रिल उजाडल्यावर अर्ज करा. आम्ही तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, बाबांच्या पगाराचे कागद, रेशनकार्ड आणि आधार जोडून सेतूमध्ये अर्ज दिला. या कामासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा स्टॅम्पपेपर आणा असे बाहेरचा कोणी म्हणाला तर आधी खिडकीवर विचारून घ्या. अर्जाची पावती मात्र जपून ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला, तेव्हापासून दाखला किती दिवसांत द्यायचा याला मुदत आहे. पावती हातात असली की विचारपूस करताना आवाजात आपोआप जोर येतो.

दुसरा कागद वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा, म्हणजे डोमिसाइल. कॅपसाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ महाराष्ट्रातले आणि राष्ट्रीयत्व भारतीय असेल तर काम भागू शकते, म्हणून पुष्कळ जण डोमिसाइल काढतच नाहीत. पुढे महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरताना डोमिसाइल लागतेच. तेव्हा एकाच फेरीत काढून टाका.

तिसरा कागद ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा. आम्ही खुल्या प्रवर्गातले. राज्याच्या ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रासाठी आठ लाखांच्या आतले उत्पन्न तर हवेच, शिवाय कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ रोजी किंवा त्याआधीपासून महाराष्ट्रात राहते आहे याचा पुरावा हवा. बाबांचा जन्मच त्यानंतरचा. म्हणजे आजोबांचा कागद शोधणे आले. आजोबा चौथीपर्यंत शिकले होते आणि तेही गावच्याच शाळेत, हे आजीला पक्के आठवत होते. शाळेतल्या बाईंनी जुनी जनरल रजिस्टरे काढून दिली. पाने पिवळी पडलेली, शाई उडालेली, आणि एकाच नावाचे दोन मुलगे. कोणता आमचा, हे आजीने सांगितलेल्या पणजोबांच्या नावावरून ठरले. त्या नोंदीचा सही-शिक्क्यासह उतारा मिळाला. शिवाय तहसीलच्या अभिलेख कक्षातून जमिनीचा एक जुना फेरफारही काढून जोडला, कारण उताऱ्यात आडनाव नव्हते, नुसते गावावरून नाव होते. कोकणात हे फार घरांत होते. आजोबांच्या वेळचे नाव वेगळे, बाबांच्या दाखल्यावर वेगळे, आधारवर तिसरेच. ही साखळी जुळवायला वेळ लागतो आणि ती निकालानंतरच्या धावपळीत जुळत नाही. ज्यांना ईडब्ल्यूएस, ओबीसी किंवा एसईबीसीचे (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचे) कागद काढायचे आहेत त्यांनी अकरावीतच शोधाशोध सुरू करावी, हे मी अगदी कळकळीने सांगते.

सीईटीचा निकाल १६ जूनला आला. भावाचे पर्सेंटाइल ८८ च्या घरात. वाईट नाही, पण पुणे-मुंबईच्या नावाजलेल्या सरकारी संस्थांचा कॉम्प्युटर विभाग यात येत नाही, हे आम्ही मागच्या वर्षीचे कटऑफ पाहिलेले असल्याने लगेच कळले. त्या रात्री तो जेवला नाही. बाबा त्याच्या शेजारी अंगणात बसून राहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “तुला करायचंय काय, ते आधी सांग.” तो म्हणाला, केमिकल. लोट्याच्या कंपन्यांचे सांडपाणी आणि दाभोळ खाडीतली मासळी हा आमच्याकडे घरोघरी बोलला जाणारा विषय आहे. अकरावीत असताना त्याने शाळेच्या प्रकल्पासाठी सांडपाणी प्रक्रियेची माहिती गोळा केली होती, तेव्हापासून हे त्याच्या डोक्यात होते. आम्हाला मात्र तोवर वाटत होते की हुशार मुलाने कॉम्प्युटरच घ्यायचे असते.

कॅपची नोंदणी २८ जूनला सुरू झाली. अर्ज ऑनलाइन, कागदपत्रे स्कॅन करून चढवायची. पडताळणीसाठी दोन मार्ग असतात : घरबसल्या ई-स्क्रूटिनी किंवा सुविधा केंद्रावर, म्हणजे एफसीवर, प्रत्यक्ष जाणे. आम्ही एफसी निवडले. आमच्यासारख्या नवख्यांना तेच बरे. समोर बसलेल्या सरांनी टीएफडब्ल्यूएसच्या रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, “हे हवंय ना? मग इथे होय करा. आत्ता नाही म्हणालात तर नंतर पश्चात्ताप.”

टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी प्रत्येक शाखेत मंजूर संख्येच्या वर ५ टक्के जागा असतात. ६० ची तुकडी असेल तर ३ जागा. त्या गुणवत्तेनुसार भरतात आणि ज्याला मिळते त्याची ट्यूशन फी पूर्ण अभ्यासक्रमासाठी माफ होते. यासाठी वेगळा अर्ज नंतर कुठे करायचा नसतो. नोंदणीत ‘होय’ म्हणायचे, उत्पन्नाचा दाखला जोडायचा आणि ऑप्शन फॉर्मवर त्या जागेचा वेगळा चॉइस कोड टाकायचा. त्या कोडच्या शेवटी ‘टी’ असतो. एकाच कॉलेजची एकच शाखा यादीत दोनदा दिसते, एकदा साधी आणि एकदा ‘टी’ची, ती यामुळे. जागा मोजक्या असल्याने ‘टी’चा कटऑफ बहुतेक वेळा खुल्या जागेपेक्षा वर असतो. आणि एक अट अशी की ही जागा घेतली की कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

ज्यांना ‘टी’ मिळत नाही त्यांच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे ईबीसी म्हणतात. हिच्यातून अर्धी ट्यूशन फी आणि अर्धी परीक्षा फी मिळते. उत्पन्नाची मर्यादा तीच, आठ लाख. कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. आणि हे नीट वाचा : प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट किंवा संस्था स्तरावरच्या जागेला ना ‘टी’, ना ईबीसी. जुलैत ‘सीट संपत आल्या, आजच बुक करा’ असे फोन सुरू होतात. आमच्याकडेही एका दलालाचे फोन आले. बाबांना क्षणभर मोह झाला होता. त्या एका वाक्याच्या माहितीने आम्ही वाचलो.

तात्पुरती गुणवत्ता यादी आली की लगेच आपली नोंद उघडून प्रवर्ग, ईडब्ल्यूएस, टीएफडब्ल्यूएस हे सगळे ‘होय’ दिसते का ते पाहा. तक्रारीसाठी मोजकेच दिवस असतात. अंतिम यादीनंतर दुरुस्तीला जागा नसते.

आता ऑप्शन फॉर्म. २०२५ मध्ये पहिल्यांदाच चार फेऱ्या होत्या आणि नियम बदलला होता. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळाले तर घ्यावे लागते. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी, आणि चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. याला ऑटो-फ्रीझ म्हणतात. अशी जागा मिळाल्यावर ती नाकारली, तर पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून पहिले तीन आणि पहिले सहा पर्याय म्हणजे आपण कुटुंबाने बसून, पैशांचा हिशेब करून, मनापासून होकार दिलेले पर्याय असायला हवेत. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा तुमच्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडून हाच परिच्छेद आधी शोधा.

आमच्या घरात दोन रात्री यावर चर्चा झाली. एका बाजूला घरापासून एसटीने जाता येण्याजोगे एक खासगी कॉलेज, तिथली कॉम्प्युटरची ‘टी’ची जागा. मागच्या वर्षीच्या कटऑफवरून ती मिळण्याची शक्यता दिसत होती. दुसऱ्या बाजूला लोणेरे. १९८९ मध्ये स्थापन झालेले राज्याचे सरकारी विद्यापीठ, मुंबई-गोवा महामार्गाला लागून, महाड एमआयडीसी जवळ, आणि केमिकलची शाखा. पण तिथे अर्धी ट्यूशन फी खिशातून, शिवाय वसतिगृह आणि खाणावळ.

मी वहीवर दोन रकाने आखले. खासगीत ट्यूशन शून्य, पण विकास शुल्क, परीक्षा शुल्क आणि इतर शुल्के भरावीच लागणार. टीएफडब्ल्यूएसमध्ये माफ होते ती फक्त ट्यूशन फी, हे पुष्कळांना प्रवेशाच्या दिवशी कळते. त्यात एसटीचा विद्यार्थी पास धरला. लोणेऱ्याच्या रकान्यात अर्धी ट्यूशन फी, बाकीची शुल्के, वसतिगृह, आणि खाणावळीचे महिन्याला साडेतीन-चार हजार. चार वर्षांची बेरीज केली तर लोणेरे महाग पडत होते. लाखाच्या पुढे फरक होता. आई म्हणाली, “घरात राहील तर निदान जेवेल तरी नीट.” बाबा आकड्याकडे बघत राहिले.

मग भाऊ बोलला. “ताई, कॉम्प्युटरची फुकट जागा मला चार वर्षं बदलता येणार नाही. मला ते नकोच असेल तर ती फुकट कशी?” त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते. मी आणखी एक रकाना आखला : लोणेऱ्यासाठी अजून काय मिळू शकते? बाबांच्या नावावरची जमीन बघता डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी अल्पभूधारक म्हणून अर्ज करता येत होता. ती रक्कम ईबीसीव्यतिरिक्त मिळते. ती मिळाली तर फरक बराच कमी होणार होता, नाही मिळाली तर मी दरमहा काही रक्कम देईन असे ठरले.

पहिल्या फेरीसाठी क्रम असा लावला : माटुंग्याच्या आयसीटीचे (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे) केमिकल पहिले, लोणेऱ्याचे केमिकल दुसरे, तिसरी लोणेऱ्याचीच एक शाखा, पुढे इतर कॉलेजांची केमिकल आणि बऱ्याच खाली ती कॉम्प्युटरची ‘टी’. आयसीटी मिळणार नाही हे माहीत होते, पण आवडीचा पर्याय वर टाकल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. ही भीती अनेक पालकांना असते, ती काढून टाका. यंत्रणा वरून खाली बघत येते आणि तुमच्या गुणवत्तेला जे पहिले मिळेल ते देते. म्हणून क्रम कटऑफप्रमाणे लावू नका, आपल्या पसंतीप्रमाणे लावा. कटऑफचा उपयोग एवढाच की यादी पुरेशी खाली जाते की नाही ते कळते.

कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर काही अक्षरे असतात, ती पाहून आम्ही आधी घाबरलो होतो. शेवटी ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या, आपल्याच विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठीच्या जागा, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. सुरुवातीला ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण आणि ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय यांसारख्या संस्थांत जागा राज्यस्तरीय असतात. आपल्याला लागू असलेला रकानाच वाचायचा, शेजारचा वाचून निराश व्हायचे नाही.

जुलै संपता संपता पहिल्या फेरीचा निकाल आला. कॉम्प्युटरची ‘टी’. शून्य ट्यूशन फी समोर आली आणि घर पुन्हा डळमळले. नातेवाइकांचे फोन आले, ‘घ्या, घ्या, असं नशीब परत येत नाही.’ तो पर्याय पहिला नसल्याने ऑटो-फ्रीझ नव्हता. आम्ही स्वतःची पडताळणी ऑनलाइन पूर्ण केली, जागा स्वीकृतीचे १,००० रुपये भरले आणि बेटरमेंट निवडले. याचा अर्थ, पुढच्या फेरीत वरचे काही मिळाले नाही तर ही जागा हातात राहते, आणि वरचे मिळाले तर ही आपोआप जाते. परत मिळत नाही. बेटरमेंट निवडताना हे शेवटचे वाक्य घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आम्ही दाखवले.

दुसऱ्या फेरीला फॉर्म पुन्हा कन्फर्म केला. त्या आधी रिक्त जागांची यादी येते, ती डोळ्याखालून घातली. बाबा म्हणाले, “क्रम बदलायचा असेल तर आत्ताच सांग.” भावाने मान हलवून नाही म्हटले. कन्फर्म करून मी प्रिंट काढली आणि त्यावर त्याची सही घेतली. नियमात असे काही नाही, पण निर्णय त्याचा आहे हे त्यालाही वाटायला हवे होते.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या फेरीचा निकाल लागला. लोणेरे, केमिकल, ईडब्ल्यूएसची जागा. आजोबांच्या शाळेतल्या त्या उताऱ्याने नातवाला जागा मिळवून दिली. आजीला सांगितले तेव्हा तिने पदराने डोळे पुसले. दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय असल्याने तो ऑटो-फ्रीझ झाला. आता मागे वळणे नव्हते आणि कोणाला वळायचेही नव्हते.

प्रवेशासाठी बाबा, भाऊ आणि मी सकाळच्या एसटीने निघालो. कशेडीचा बोगदा, पोलादपूर, महाड आणि मग लोणेरे. सोबत सगळी मूळ कागदपत्रे, प्रत्येकाच्या तीन-चार साक्षांकित प्रती, फोटो, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि अलॉटमेंटचे पत्र. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचेही भरावे लागते, ते घरून ऑनलाइन भरून प्रिंट नेली तर तिथली रांग वाचते. शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा होतो, म्हणून देण्याआधी त्याच्या भरपूर प्रती काढून आणि रंगीत स्कॅन करून ठेवा. पुढे तो जागोजागी मागतात. कॅपमधून आलेल्या आणि ईबीसीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीचा हिस्सा आधी मागू नये, असा शासनाचा आदेश आहे. आम्ही हमीपत्र देऊन आपला अर्धा हिस्सा आणि बाकीची शुल्के भरली. माझ्या मैत्रिणीच्या भावाला दुसरीकडे एका कॉलेजात पूर्ण रक्कम भरायला लावली. तुमच्यावर ही वेळ आली तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

महाडीबीटीचा अर्ज प्रवेशानंतर सुरू होतो. तंत्रशिक्षण विभागाखाली योजना दिसते. कॅपचा अर्ज क्रमांक, उत्पन्न, डोमिसाइल, रेशनकार्ड, दोन अपत्यांविषयीचे हमीपत्र, गुणपत्रिका. अर्ज आधी कॉलेजकडे जातो, मग विभागाकडे. कॉलेजकडून तो आपल्या लॉगिनला परत आला आहे का, हे दर आठवड्याला उघडून पाहा, कारण त्रुटी दुरुस्त करायला मुदत असते आणि मेसेज येईलच असे नाही. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी ज्या खात्याला आधार सीडिंग झाले त्यात जातात. आधारच्या संकेतस्थळावर कोणते खाते जोडलेले आहे ते दिसते. पतसंस्थेत बसून मी हा घोळ इतक्या जणांचा पाहिला आहे की अर्जाआधी हे तपासाच.

याच काळात केंद्राच्या शिष्यवृत्तीचाही विचार केला. बारावीला आपल्या बोर्डात आणि शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर ही गुणवत्ता योजना असते. पहिली तीन वर्षे दर वर्षी १२,००० रुपये आणि बी.टेक.च्या चौथ्या वर्षी २०,००० रुपये. दर वर्षी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. भाऊ बसत होता. पण ती घेतली तर दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती किंवा फी सवलत घेता येत नाही. आमच्या बाबतीत ईबीसीची रक्कम जास्त होत होती, म्हणून आम्ही ईबीसी ठेवली. बी.एस्सी. किंवा बी.कॉम.ला कमी फीच्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी मात्र ही केंद्राची योजना सोन्यासारखी आहे आणि आमच्या भागात कोणी तिचा अर्जच भरत नाही. वाईट वाटते.

निर्वाह भत्त्यासाठी अल्पभूधारकाचा दाखला काढताना कोकणातला नेहमीचा प्रश्न आला : सातबाऱ्यावर चुलत्यांसकट सगळ्यांची नावे. बाबांचा हिस्सा किती, ते आठ-अ आणि तलाठ्याच्या अहवालावरून दाखवावे लागले. तो अर्ज अजून विभागाकडे आहे. ईबीसीचा पहिला हप्ता मार्चमध्ये जमा झाला. तोवर आईने भिशीचे पैसे आणि मी माझी बचत वापरून खाणावळ चालवली. म्हणजे शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पहिले सहा-सात महिने आपल्या खिशातून काढावे लागतात, एवढी तयारी ठेवावी.

भावाचे पहिले सत्र पार पडले. गणिताने दमवले, केमिस्ट्रीने तारले. दुसऱ्या वर्षाचा अर्ज नूतनीकरणाचा असेल, त्यासाठी उत्पन्नाचा नवा दाखला लागेल. आमच्या शेजारच्या मुलीची यंदा बारावी आहे. तिला सीईटीनंतर इंजिनिअरिंगच करायचे आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी कॅपमधून प्रवेश झाल्यास शंभर टक्के शासन भरते, त्यामुळे तिचा हिशेब आमच्यापेक्षा वेगळा आहे आणि शाखा निवडायला ती जास्त मोकळी आहे. तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा आहे. तिच्या पणजोबांचे नाव कोणत्या शाळेच्या रजिस्टरला सापडेल, ते विचारायला तिची आई उद्या आजीकडे येणार आहे.